चिपच्या ठशावर किती विसंबायचं?

२०१६ साली संशोधकांच्या एका चमूने फिलिप्सच्या ह्यू दिव्यांमधलं फर्मवेअर, म्हणजे उपकरणात बसवलेलं सॉफ्टवेअर, राखणारी गुप्त किल्ली बाहेर काढली. चिप काम करत असताना तिच्या वीजवापरात होणारे बारीक चढउतार मोजून त्यांनी ती शोधली. किल्ली निघाली यात फार नवल नव्हतं. प्रयोगशाळा, चांगला ऑसिलोस्कोप आणि चिकाटी असली की बहुतेक साध्या चिपमधून ती निघतेच. खरी चूक ही होती की त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत एकच किल्ली होती. त्यामुळे एक दिवा उघडला की सगळे उघडत होते, आणि एका दिव्यावरून शेजारच्या दिव्यावर रेडिओने उडी मारत जाणारा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, शक्य आहे हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ साली हाच प्रकार सीमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० या कंट्रोलरांत उघडकीला आला. हे कंट्रोलर कारखान्यांतली यंत्रं चालवतात, आणि मालिकेतल्या उपकरणांसाठी एकच खासगी किल्ली आत रुतवून ठेवलेली होती.

कायदे आणि मानकं या अनुभवातून शिकली आहेत. २०२० च्या ईटीएसआय ईएन ३०३ ६४५ या युरोपीय मानकात स्पष्ट अट आहे: अपडेटची तपासणी आणि सेवेशी होणारा संवाद राखणारी गुपितं प्रत्येक उपकरणात वेगळी असली पाहिजेत. अट बरोबर आहे. पण लाखो उपकरणांत लाखो वेगळी गुपितं भरायची कुठे, भरायची कोणी, आणि भरणाऱ्याने त्यांची प्रत ठेवली नाही हे कशावरून, याबद्दल मानक फारसं बोलत नाही. या प्रश्नाला चिप उद्योगाने पुढे केलेलं उत्तर असं: गुपित भरूच नका, ते चिपमध्ये जन्मतःच असतं, ते फक्त वाचून घ्या.

हे उत्तर चांगलं आहे आणि ते जास्त ठिकाणी वापरलं जावं, असं माझं मत आहे. पण ज्या थाटात ते विकलं जातं, म्हणजे 'नक्कल अशक्य' असा शिक्का आणि त्यापुढे प्रश्न नकोत, तो थाट नियामकांनी आणि मोठ्या खरेदीदारांनी चालवून घेऊ नये. चिपचा ठसा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: वीज बंद असताना मूळ किल्ली कुठे असते? उरलेले प्रश्न जिथल्या तिथे राहतात, आणि उपकरणं फुटतात ती बहुधा त्या उरलेल्या प्रश्नांवर.

आधी हा ठसा म्हणजे काय ते पाहू. एकाच साच्यातून, एकाच दिवशी, एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, बनलेल्या दोन चिप आराखड्याने सारख्या असल्या तरी अणूंच्या पातळीवर सारख्या नसतात. ट्रान्झिस्टरच्या वाहक पट्ट्यात मिसळलेल्या अशुद्धीच्या अणूंची संख्या आणि जागा नशिबावर ठरते. त्यामुळे प्रत्येक ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड व्होल्टेज, म्हणजे तो ज्या व्होल्टेजला चालू होतो ते, शेजाऱ्याहून किंचित वेगळं पडतं. कारखान्याला हा फरक नको असतो, पण तो काढताही येत नाही. एसरॅम या चिपमधल्या मेमरीच्या एका पेशीत सहा ट्रान्झिस्टर असतात आणि त्यातले चार मिळून एकमेकांना उलटे जोडलेले दोन इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे भाग) बनतात. वीज आली की दोघांत चुरस लागते आणि ज्याचं पारडं अणुभर जड, त्याच्या बाजूने पेशी ० किंवा १ वर स्थिरावते. हजारो पेशींचा हा पहिला कौल म्हणजे त्या चिपचा ठसा. दोन वेगवेगळ्या चिपचे ठसे ताडून पाहिले तर सुमारे निम्मे बिट वेगळे निघतात. २००७ साली दोन स्वतंत्र गटांनी एसरॅमचा असा उपयोग मांडला. त्याच्याही आधी, २००२ साली, एमआयटीत सिलिकॉनमधल्या विलंबांच्या फरकावर आधारलेली रचना मांडली गेली होती. अभियंते या सगळ्या कुटुंबाला 'पफ' म्हणतात. आपण ठसाच म्हणू.

यातलं आकर्षण समजण्यासारखं आहे. वीज गेली की ठसाही जातो. बंद चिप सूक्ष्मदर्शकाखाली कापून पाहिली तर फ्यूजमध्ये, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत, जाळलेली किल्ली वाचता येण्याची शक्यता असते, तसं इथे वाचण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. दुसरं कारण अर्थकारणाचं आहे. २८ नॅनोमीटरच्या खाली चिपमध्येच फ्लॅश मेमरी बनवणं अवघड आणि महाग होतं, म्हणून नव्या चिपना बाहेरची फ्लॅश जोडतात. ती कोणीही सोल्डर काढून वाचू शकतो. मग तिच्यातला मजकूर चिपच्या स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध करणं भाग पडतं, आणि ती किल्ली ठेवायला चिपमध्ये कायमस्वरूपी जागा नसेल तर ठसा फार सोयीचा ठरतो.

मेख अशी की हा ठसा दर वेळी तंतोतंत सारखा येत नाही. काही पेशींची दोन्ही पारडी जवळजवळ समान असतात. आज ०, उद्या १. खोलीच्या तापमानाला एकाच चिपच्या दोन वाचनांत साधारण ३ ते ६ टक्के बिट बदललेले दिसतात. उणे ४० किंवा ८५ अंश सेल्सिअसला हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. कूटलेखनाला मात्र किल्लीतला एक बिट चुकलेलाही चालत नाही. १० टक्के चूक धरली तर १२८ बिट जसेच्या तसे परत येण्याची शक्यता सात लाखांत एक.

म्हणून चूक दुरुस्त करणारा संकेत मध्ये घालावा लागतो. सर्वात साधा उपाय: एक गुप्त बिट पाच पेशींवर पसरवायचा आणि बहुमत घ्यायचं. १० टक्के चुकीवर बहुमत चुकण्याची शक्यता ०.८६ टक्के उरते. आकडा छोटा वाटतो, पण १२८ बिटांवर हिशेब केला तर तीनपैकी दोन वेळा किल्ली चुकीची येते. पाचाऐवजी सात पेशी घेतल्या तरी दहापैकी तीन वेळा उपकरण चालूच होणार नाही. त्यामुळे बहुमताच्या वर आणखी एक थर लागतो. उदाहरणार्थ, २५५ बिटांत १८ चुका दुरुस्त करणारा बीसीएच संकेत, ज्यात १३१ बिट माहिती बसते. २५५ गुणिले ५ म्हणजे १,२७५ पेशी, जेमतेम १६० बाइट मेमरी. एवढ्यावर अपयशाची शक्यता एक लाख कोटींत काही मोजक्या वेळांवर येते. गणित सुंदर आहे, आणि विक्रीच्या कागदावर हे इथेच संपतं.

कागदावर न येणारा भाग पुढे आहे. दुरुस्ती करायची तर नोंदणीच्या वेळी, म्हणजे ठसा पहिल्यांदा वाचून किल्ली ठरवताना, एक मदतनीस माहिती तयार करून साठवावी लागते, जिला हेल्पर डेटा म्हणतात. ती उघड्यावर ठेवली तरी चालते असं म्हणतात आणि गणिताने ते खरंही आहे, पण एका अटीवर. वरच्या उदाहरणात १,२७५ बिटांचा हेल्पर डेटा ठशाबद्दल जास्तीत जास्त १,२७५ वजा १३१, म्हणजे १,१४४ बिट माहिती बाहेर सांडतो. ठशाचा प्रत्येक बिट पूर्णपणे अनपेक्षित असेल तर गुपितासाठी १३१ बिट शिल्लक राहतात आणि १२८ बिटांची किल्ली सुखाने बसते. पण पेशींचा कल किंचितही एका बाजूला असला आणि प्रत्येक बिटातली अनिश्चितता १ ऐवजी ०.९५ निघाली, तर एकूण अनिश्चितता १,२११ बिट. त्यातून १,१४४ वजा केले की हमी उरते ६७ बिटांची. ०.९ निघाली तर जेमतेम तीन-साडेतीन बिटांची. म्हणजे एवढं अंदाजाने काढता येतं असं नव्हे. मात्र गणित त्यापुढे तुमच्या बाजूने काही बोलत नाही. डेटाशीटवर '१२८ बिट सुरक्षा' छापलेलीच राहते. ठशाचं तंत्र विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा: प्रति बिट किमान अनिश्चितता किती धरली आहे, आणि ती किती चिपवर, किती वेफरवर, किती उत्पादन-खेपांवर मोजली आहे? उत्तर 'सरासरी निम्मे बिट वेगळे येतात' एवढंच असेल तर ते उत्तर नव्हे. सरासरी निम्मे बिट वेगळे असूनही वेफरवरच्या जागेनुसार ठरावीक पेशींचा कल सारखा असू शकतो.

आता अंमलबजावणी. इथे गफलती इतक्या ठरावीक आहेत की नियमावलीत त्यांची सरळ यादी देता येईल.

पहिली गफलत वाचण्याच्या वेळेची. ठसा म्हणजे वीज आल्यानंतरचा पहिला कौल. फर्मवेअरचा सुरुवातीचा कोड सवयीने मेमरी शून्यांनी भरतो, काही चिपमध्ये बूट रॉम, म्हणजे सर्वात आधी चालणारा कायमचा कोड, स्वतःच्या कामासाठी मेमरीचा तुकडा वापरतो, आणि अनेक एफपीजीए (बनल्यानंतर आतली जोडणी ठरवता येणाऱ्या चिप) संरचना भरताना आतली मेमरी स्वतःच पुसतात. ठशासाठी राखलेला पट्टा या सगळ्यांच्या आधी वाचला गेला पाहिजे, आणि जिथे ते शक्य नाही तिथे एसरॅमचा नाद सोडून दोलकांच्या वेगातला फरक मोजणारी रचना घ्यावी. नुसत्या रीसेटने नवा ठसा मिळत नाही, कारण मेमरीची वीज गेलेलीच नसते. वीज गेली तरी लगेच परत आली तर जुना मजकूर पूर्ण विरलेला नसतो, आणि थंडीत तो आणखी रेंगाळतो. म्हणजे खोलीच्या तापमानाला नीट चालणारं उपकरण शीतगृहात वीज क्षणभर झपकली की चुकीची किल्ली काढतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर आलं की पुन्हा शहाण्यासारखं वागतं. वीज किती वेगाने चढते यावरही कौल बदलतो. चाचणीच्या टेबलावरचा स्वच्छ पुरवठा आणि उपकरणातला स्वस्त पुरवठा यांत इथे फरक पडतो.

दुसरी गफलत वयाची. पेशीत बराच काळ एकच मूल्य साठलेलं राहिलं तर सतत चालू असणाऱ्या ट्रान्झिस्टरचं थ्रेशोल्ड हळूहळू सरकतं आणि पेशीचा त्या मूल्याकडचा कल कमी होतो. ठसा वाचून झाल्यावर तोच मेमरीत पडू दिला तर वर्षानुवर्षं आपणच आपला ठसा पुसत असतो. उपाय साधा आहे. वाचून झालं की त्या पट्ट्यात प्रत्येक बिटाचं उलट मूल्य लिहून ठेवायचं. मग वय ठशाला उलट पक्कं करतं. यात एक खोच आहे: उलटा लिहिलेला ठसा म्हणजे ठसाच, त्यामुळे तो पट्टा इतर कुठल्याही कोडला वाचता येता कामा नये. हार्डवेअरचं कुलूप नसेल तर ही युक्ती वापरू नये. यादृच्छिक मूल्यं भरावीत आणि जास्त चुका सोसणारा संकेत घ्यावा.

तिसरी गफलत नोंदणीची, आणि सर्वात जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होतं. क्रम असा असायला हवा. चिप पुरेसा वेळ बंद ठेवून चालू करायची, ठसा वाचायचा, चिपमधल्याच यादृच्छिक स्रोतातून चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतातली एक गुप्त बिटमाला निवडायची, दोन्हींच्या एक्सऑरमधून, म्हणजे बिटागणिक तुलनेतून, हेल्पर डेटा काढून साठवायचा. किल्ली ठशातून थेट घ्यायची नाही, किल्ली बनवणाऱ्या फंक्शनमधून काढायची, आणि त्या फंक्शनला हेल्पर डेटाचा हॅश, म्हणजे एक बिट बदलला तरी बदलणारा छोटा सारांश, हाही द्यायचा. तसं केलं नाही तर हल्लेखोर हेल्पर डेटात एकेक बिट बदलून उपकरण सुरू होतं की अडतं एवढ्यावरून ठसा उलगडत जातो. त्या किल्लीतून चिपच्या आतच खासगी-सार्वजनिक जोडी काढायची, बाहेर फक्त सार्वजनिक किल्ली जाऊ द्यायची आणि तिच्यावर प्रमाणपत्राची सही घ्यायची. शेवटी नोंदणीची आज्ञा फ्यूज जाळून कायमची बंद करायची आणि अभियंत्यांनी चिपच्या आत डोकावण्यासाठी ठेवलेला डीबग पोर्टही बंद करायचा. नोंदणी पुन्हापुन्हा करता येत असेल तर प्रत्येक वेळचा थोडा वेगळा हेल्पर डेटा कुठल्या पेशी डळमळीत आहेत ते सांगत जातो. आणि डीबग पोर्ट उघडा असेल तर वरचं सगळं गणित वाया, कारण मेमरी सरळ वाचता येते.

सही कोण करतो याकडे तर कोणी पाहतच नाही. कंत्राटी कारखान्यात नोंदणी होत असेल तर ठसा असूनही जास्तीची उपकरणं बनू शकतात. प्रत्येकाला स्वतःचा अस्सल ठसा असेल, अस्सल सही असेल, फक्त ती मोजणीत नसतील. म्हणून सह्यांची संख्या ठरवून देणारी आणि प्रत्येक सहीची नोंद ठेवणारी व्यवस्था कारखान्याबाहेर हवी. चिप बनवणाऱ्यानेच चाचणीच्या टप्प्यावर पहिली सही केली तर आणखी बरं, कारण पुढच्या टप्प्यावर कोणी दुसरीच सार्वजनिक किल्ली पुढे सरकवली तर ती ओळखता येते.

इथवर बोललो ते ठशातून एक किल्ली काढण्याबद्दल. दुसरी जात आहे ती आव्हान-प्रत्युत्तराची: सर्व्हर एक बिटमाला पाठवतो, चिपमधल्या दोन वाटांवरून संकेतांची शर्यत लागते आणि कोण आधी पोचलं यावर उत्तर ठरतं. उत्तरांच्या जोड्या अगणित, कूटलेखनाचं ओझं नाही, म्हणून छोट्या सेन्सरसाठी ही जात फार गाजवली गेली. तिच्याबद्दल मी थोडक्यात आणि कठोरपणे लिहितो. एकूण विलंब म्हणजे प्रत्येक टप्प्यावरच्या विलंबांची बेरीज, आणि बेरजेचं गणित यंत्राला शिकवणं सोपं असतं. २०१० साली संशोधकांनी दाखवलं की ६४ टप्प्यांच्या अशा रचनेची सुमारे अडीच हजार उत्तरं ऐकली की संगणकावरचं प्रारूप ९९ टक्के उत्तरं बरोबर सांगतं, आणि ते शिकायला एक सेकंदही लागत नाही. अशा अनेक रचनांची उत्तरं एकत्र मिसळूनही फार काळ निभावलं नाही. २०१५ साली या रचनांमधला गोंगाटच शिकवणीसाठी वापरणारा हल्ला प्रसिद्ध झाला. शिवाय या पद्धतीत सर्व्हरला उत्तरांची वही जपावी लागते. ती वही चोरीला गेली की सगळी उपकरणं एकदम गेली, म्हणजे आपण फिरून एकाच किल्लीच्या दिव्यांपाशी आलो. ज्या उत्पादनाची ओळख फक्त अशा जातीवर उभी आहे, ते सार्वजनिक खरेदीत स्वीकारू नये.

एसरॅमचा ठसाही खरोखर 'नक्कल अशक्य' नाही. २०१३ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी चालू चिपच्या मागच्या बाजूने निसटणारा प्रकाश टिपून पेशींचा कौल वाचला, आणि केंद्रित आयनशलाकेने दुसऱ्या तशाच चिपच्या पेशी कोरून तोच ठसा उमटवला. उपकरणं महागडी, कौशल्य दुर्मीळ. दिव्यासाठी कोणी एवढा खटाटोप करणार नाही, वीजकेंद्राच्या नियंत्रकासाठी करू शकेल. माझा आक्षेप तंत्राला नाही, दाव्याला आहे: अमुक साधनं असलेल्या हल्लेखोरापुढे टिकतो, तमुकापुढे नाही, असं लिहायला लाज का वाटावी?

मोठा धोका मात्र आयनशलाकेचा नाहीच. ठसा किल्लीला वीज बंद असताना राखतो. वीज आल्यावर किल्ली इतर कुठल्याही किल्लीसारखी रजिस्टरमध्ये येते, एईएस या कूटलेखन पद्धतीच्या फेऱ्यांमधून जाते आणि वीजवापरात आपल्या खुणा सोडते. ह्यू दिव्यांवर झालेला हल्ला ठशातून काढलेल्या किल्लीवरही चालला असता. फरक एवढाच, की त्यातून त्या एकाच दिव्याची किल्ली मिळाली असती. हा फरक छोटा नाही आणि मी ठशाच्या बाजूने आहे तो यामुळेच. पण त्या प्रकरणातला खरा उपाय ठसा नव्हता हेही सांगायला हवं. सगळ्या दिव्यांना एकच फर्मवेअर पाठवायचं तर ते गुप्त सामायिक किल्लीने प्रमाणित करणं हाच चुकीचा पाया. त्यावर डिजिटल सही हवी, म्हणजे दिव्यात फक्त सही तपासणारी सार्वजनिक किल्ली राहते आणि ती चोरून कोणाला काही मिळत नाही. तसंच २०१६ च्या मिराय बॉटनेटचं, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेचं. कॅमेरे आणि राउटर त्याच्या हाती लागले ते साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्यांनी, दुरून आज्ञा देण्याच्या टेलनेट या जुन्या सोयीचं दार सताड उघडं होतं म्हणून. त्या कॅमेऱ्यांत जगातला सर्वोत्तम ठसा असता तरी बॉटनेटमध्ये शिरताना त्यांनी आपली ओळख अगदी बिनचूक पटवली असती.

यावर कोणी म्हणेल, मग ठशाची गरजच काय, वेगळी सुरक्षा चिप बसवा. जिथे उपकरण हल्लेखोराच्या हातात वर्षानुवर्षं पडून राहणार आहे, म्हणजे मीटर, पैशांचे व्यवहार, कुलपं, तिथे हा सल्ला बरोबर आहे. सुरक्षा चिपमध्ये व्होल्टेजचे झटके ओळखणारे संवेदक असतात, वीजवापरातून गळती रोखणारी रचना असते, वर जाळीचं कवच असतं. साध्या मायक्रोकंट्रोलरमधला ठसा यातलं काहीही देत नाही. पण प्रत्येक स्वस्त सेन्सरमध्ये दुसरी चिप बसणार नाही हे वास्तव आहे, आणि तिथे पर्याय सुरक्षा चिप की ठसा असा नसतो. तो सामायिक किल्ली की ठसा असा असतो. तिथे ठसा नक्की जिंकतो. आणखी एक फायदा क्वचितच बोलला जातो. ज्या पेशी डळमळीत म्हणून ठशाला नडतात, त्यांचा गोंगाट यादृच्छिक संख्यांसाठी उत्तम बीज देतो. २०१२ साली इंटरनेटभरच्या किल्ल्या गोळा करून पाहिल्या तेव्हा टीएलएस (इंटरनेटवरचा सुरक्षित संवाद) वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५ टक्के यंत्रांच्या आरएसए पद्धतीच्या खासगी किल्ल्या नुसत्या गणिताने काढता आल्या. बरीचशी राउटरसारखी छोटी उपकरणं होती, ज्यांना पहिल्यांदा चालू झाल्यावर पुरेशी यादृच्छिकता मिळालीच नव्हती. त्या उपकरणांना हे बीज मिळालं असतं तर?

आता नियमांकडे. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून येतील. ब्रिटनमध्ये सरसकट सारखे पासवर्ड एप्रिल २०२४ पासून बंद आहेत. जगभरचे उत्पादक आता 'प्रत्येक उपकरणाची वेगळी ओळख' या रकान्यात खूण करायला धावतील, आणि ठसा हा त्यासाठी सर्वात चकचकीत पर्याय आहे. नियमाने ठसा सक्तीचा करू नये, पण तो पुढे केला तर पुरावा मागावा. ठशांसाठी मानक तयार आहे. आयएसओ/आयईसी २०८९७ च्या पहिल्या भागात सुरक्षेच्या अपेक्षा आहेत, दुसऱ्यात चाचण्यांच्या पद्धती. त्या पद्धतीने उणे ४०, २५ आणि ८५ अंशांना, पुरवठ्याचं व्होल्टेज वरखाली करून, वय वाढवण्याच्या चाचणीनंतर, अनेक खेपांतल्या चिपवर घेतलेली मोजमापं उघड असावीत. फक्त २५ अंशांवरचा आकडा स्वीकारू नये. अपयशाचं प्रमाणही लिहून घ्यावं. दहा लाखांत एक हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण दहा लाख उपकरणं रोज एकदा चालू होत असतील तर रोज एक उपकरण किल्लीविना उठणार. बंद करून चालू केल्यावर ते सावरतं की कायमचं मुकं होतं, हे उत्पादकाने आधी सांगावं. वयामुळे सरकलेल्या पेशी बंद-चालू करून परत येत नाहीत.

शेवटचा आग्रह मालकीबद्दलचा आहे आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. जन्मखूण बदलता येत नाही. ठशातून निघालेली मूळ ओळख उपकरण विकलं, वाटलं, भंगारात गेलं तरी तीच राहते. तीच ओळख प्रत्येक सेवेला दाखवली तर पहिल्या मालकापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांचा माग एका धाग्यात ओवला जातो. यावरचा उपाय आयईईई ८०२.१एआर या मानकात केव्हाच आहे: उत्पादकाने दिलेली मूळ ओळख वेगळी आणि वापराच्या ठिकाणी दिलेली स्थानिक ओळख वेगळी. मूळ ओळख फक्त पहिल्या ओळखपरेडीला वापरायची, रोजच्या कामाला स्थानिक, आणि मालक बदलला की स्थानिक ओळख पुसून नवी. नियमाने हे बंधनकारक करावं. उपकरण मूळ स्थितीत नेलं की स्थानिक किल्ल्या खरोखर मेल्या पाहिजेत, आणि मूळ ओळख बाहेरच्या सेवेला परस्पर मागता येऊ नये.

याच ओळखीने सुटे भागही एकमेकांना बांधता येतात. बॅटरीतल्या चिपचा ठसा मुख्य फळीने ओळखला नाही तर उपकरण चालू व्हायचं नाही, ही सोय बनावट बॅटरी रोखते आणि तितक्याच सहजतेने उत्पादकाबाहेरच्या दुरुस्तीचं दार लावते. तंत्र दोन्हीकडे एकच आहे. फरक फक्त जुना भाग सोडवून नवा बांधण्याची आज्ञा कोणाच्या हातात आहे याचा. ती आज्ञा मालकाच्या संमतीने कोणत्याही दुरुस्ती करणाऱ्याला चालवता आली पाहिजे, आणि उत्पादकाचा सर्व्हर बंद पडला तरी चालली पाहिजे. प्रमाणपत्र देणाऱ्याने तपासणीच्या दिवशी हे करून पाहावं: दोन उपकरणं घ्यावीत, त्यांचे भाग आपसात बदलावेत, इंटरनेटची तार काढावी आणि मालकाच्या संमतीने ती दोन्ही चालू होतात का ते बघावं.